पितरांच्या आवतणात कृणाल

"कोळ्याचं पोर कधी जीव देत नाही," श्यामसुंदरकाका म्हणाले. "दर्यानं ज्याला मांडीवर वाढवलं, त्याला जगण्याचं कसलं भय? वादळात ताठ उभी राहणारी आपली जात. मी छातीठोकपणे सांगतो, आपल्या संस्कृतीत आत्महत्या हा शब्दच नाही."

सभा त्याच शब्दासाठी बोलावली होती. मागच्या बॅनरवर तो हातभर मोठ्या अक्षरांत छापलेला होता, पण काका नेमके त्याच्यासमोर उभे राहिल्यामुळे दिसत नव्हता. तेवढ्यापुरतं त्यांचं म्हणणं खरं होतं.

पहिल्या रांगेत अनंता बसला होता. त्याचा थोरला मुलगा विकी गेल्या वर्षी होळीनंतर गेला. आजारानं नाही, दर्यात नाही, स्वतःहून. काकांचं वाक्य संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा अनंतानंही वाजवल्या. शेजारी धाकटा मुलगा कृणाल होता. त्यानंही वाजवल्या. हात मोकळे होते.

श्यामसुंदरकाका अनंताचे चुलतभाऊ आणि कोळीवाड्याच्या सांस्कृतिक मंडळाचे अध्यक्ष. तरुणांचं मन खचू नये म्हणून त्यांनी संस्कृती सप्ताह जाहीर केला. त्यात नृत्यस्पर्धा होती, पाककला होती, आणि एक चित्ररथ होता. चित्ररथावर कृणालनं लाल रुमाल नेसून वल्हं धरून उभं राहायचं, असं ठरलं. वल्हं थर्माकोलचं होतं. कृणाल रोज पहाटे बापाच्या होडीवर खऱ्या जाळ्यांना खरे हात लावत होता, पण तेव्हा तिथं कुणी फोटो काढायला नसे.

सभेत शेवटी गंधाली नावाच्या बाईंना बोलायला सांगितलं. त्या बोरीवलीहून आल्या होत्या, समुपदेशक होत्या. तोवर माइक बेंजोवाल्यांकडे गेला होता. त्या म्हणाल्या, "मी दर गुरुवारी मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात बसेन. यावंसं वाटलं तर या. काही बोललंच पाहिजे असं नाही." एवढं बोलून त्या बसल्या. इतकं छोटं भाषण कोळीवाड्यात पहिल्यांदाच झालं, त्यामुळे ते संपलंय हे कळायला लोकांना थोडा वेळ लागला.

विकी गेला तेव्हा लोकांनी कारणं शोधली. कुणी म्हणालं मोबाइल. कुणी म्हणालं मुलगी. कुणी होडीच्या इंजिनाला दोष दिला, कुणी शेजारच्या टॉवरला. वरच्या आळीतल्या एका मावशीनं उंबऱ्याखाली लिंबू शोधायला लावलं. कारणं इतकी निघाली, की बिचाऱ्या विकीला एकट्याला ती पेलली नसती. शेवटी घरानं 'अचानक' हा शब्द पक्का केला. कसा गेला? अचानक. विचारणाराही मान हलवून म्हणे, "अचानक." मग पुढचं विचारायचं काही उरत नसे.

त्यानंतर नाव गेलं. कुणी ठरवलं नाही, ते आपोआप गेलं. विकीची बाइक 'ती गाडी' झाली. त्याची खोली 'वरचं' झाली. घरातल्या वायफायला त्याचंच नाव होतं, म्हणून पाहुण्यांना "यादीत वरून दुसरं" असं सांगायचे. समोरच्या घरात आणखी एक विकी होता, आठवीतला. त्याला आळी 'बारक्या' म्हणायला लागली. त्याला ते आवडलं नव्हतं, पण तक्रार करायची तर कारण सांगावं लागलं असतं.

कृणालला काही होत नव्हतं. तीच अडचण होती.

रडू येत नव्हतं. भूक लागत नव्हती, पण ताट वाढलं की तो जेवायचा. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास त्याला येईनासा झाला. त्या वासाविरुद्ध टॉवरवाले कित्येक वर्षं महापालिकेत अर्ज करत होते. त्यांना जे साधलं नव्हतं, ते कृणालला घरबसल्या साधलं.

गुरुवारी तो सोसायटीच्या ऑफिसात गेला तो डिझेलची पावती आणायला. गंधाली कोपऱ्यात दोन खुर्च्या मांडून बसली होती. एक तिची, एक रिकामी. रिकामी खुर्ची बघून त्याला वाईट वाटलं असं नाही, पण उभं राहायचा कंटाळा आला होता. तो बसला.

"मॅडम," तो म्हणाला.

"ताई म्हण."

"बरं, मॅडम."

त्या गुरुवारी तेवढंच झालं. पुढच्या गुरुवारी तो पावती नसताना गेला. त्यानं तिला सांगितलं, की अष्टमीच्या आसपास दर्याच्या पाण्याला ओढ नसते, कोळी त्याला भांग म्हणतात. तेव्हा जाळं टाकून उपयोग नसतो, ते भरतच नाही. सगळ्या होड्या किनाऱ्याला पडून राहतात.

"मला तसं झालंय," तो म्हणाला. "पाणी हलत नाय."

"दर्यात किती दिवस राहतं तसं?"

"तीन-चार."

"आणि तुझ्यात?"

"वर्ष होईल."

खाली बर्फ फोडायचं यंत्र सुरू होतं. गंधालीनं पुढचा प्रश्न विचारला, तो यंत्रानं गिळला. तिनं पुन्हा विचारला, तोही गेला. तिसऱ्यांदा तिनं तो मोठ्यानं विचारला, "कृणाल, तुला जीव द्यावासा वाटतो का?" खाली डिझेलच्या रांगेतल्या लोकांनी वर पाहिलं आणि पुन्हा रांगेत लक्ष घातलं. सोसायटीत हल्ली काहीही विचारत असत.

वर्षभरात त्याला असं सरळ कुणी विचारलं नव्हतं. जेवलास का, झोपलास का, डिझेल आणलंस का, हे सगळ्यांनी विचारलं होतं.

"रोज नाय," तो म्हणाला.

गंधाली दचकली नाही, की तिनं डोळ्यांत पाणीही आणलं नाही. ती बराच वेळ विचारत राहिली, तो सांगत राहिला. तिनं त्याला बर्फाच्या यंत्रापासून दूर नेऊन एका डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावलं, त्यांच्याकडे जायचा वार ठरवला. मग म्हणाली, "आता एक काम तुझ्याकडे. मी गुरुवारी येते. फोन केव्हाही कर, उचलेन. पण घरात एका माणसाला हे माहीत पाहिजे. एकाला सांग. कोणाला, ते तू ठरव. ह्या आठवड्यात नाही जमलं तर मी येईन, आपण दोघं मिळून सांगू."

"आमच्याकडं लगीन हाय," कृणाल म्हणाला.

"म्हणजे घरात माणसं खूप असतील."

"हो. तीच तर अडचण हाय."

लग्न त्याच्या मोठ्या बहिणीचं, समीक्षाचं. घरात कुणी गेलं की लग्न वर्षाच्या आत तरी उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. मुलगा दुसऱ्या कोळीवाड्यातला होता आणि त्याची आई थांबायला तयार नव्हती. त्यामुळे शोकाला जी काही मुदत होती, ती हॉलच्या तारखेवर संपली.

कृणालनं आधी बापाला सांगायचं ठरवलं. अनंता किनाऱ्यावर जाळं विणत बसला होता. कृणाल शेजारी बसला.

"बाबा, मला बरं वाटत नाय."

"ताप हाय?"

"नाय."

"मंग?"

"आतून."

अनंतानं सुई चालवली. एक फास घातला, तो चुकला म्हणून सोडवला, पुन्हा घातला, पुन्हा सोडवला. "आतला ताप वाईट," तो म्हणाला. "गोली घे." आणि त्यानं जाळ्याचं टोक कृणालच्या हातात दिलं. कृणालनं ते धरलं. संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून बरंच जाळं विणलं. त्यातलं बरंचसं नंतर सोडवावं लागलं.

मग त्यानं आईला गाठलं. सुगंधा पलंगावर साड्यांचे ढीग लावून मधोमध बसली होती. वर्षभर ती कामाशिवाय बसली नव्हती. भांडी घासून झाली की घासलेली भांडी घासायची.

"आई, एक सांगायचंय."

"मोतिया रंगाबद्दल नको सांगू. ती मी करवलीला दिली."

"साडीचं नाय."

"मंग जेवल्यावर सांग."

जेवल्यावर मांडववाले आले.

समीक्षानं मात्र एकदा त्याला जिन्यात अडवलं. "तू ठीक आहेस ना रे?"

"हो."

"खरं?"

"तू ठीक हायस?"

"नाय," ती म्हणाली. "पण मला फेशियलला जायचंय." ती दोन पायऱ्या उतरली आणि परत आली. "त्या गुरुवारवाल्या बाईंचा नंबर दे मला."

"कशाला?"

"असाच." त्यानं दिला. तिनं तो 'ब्लाउजवाली' म्हणून सेव्ह केला, कारण तिचा फोन घरात सगळेच बघायचे.

लग्नातला मोठा प्रश्न निराळाच होता. अनंताची आई पुतळाबाई ही कोळीवाड्याची धवलारीण. म्हणजे लग्नाचे विधी गाण्यानं चालवणारी बाई. भटजी येतो तो नंतर, आणि पुतळाबाईच्या मते थोडा उगाचच. हळदीच्या सकाळी ती मांडवात बसून आधी देवांना आवतण गाते आणि मग घरातल्या पितरांना. एकेकाचं नाव घेऊन, कुणाचा कोण ते सांगून, लग्नाला या म्हणते. प्रत्येक नावानंतर जमलेलं सगळं घर एका सुरात म्हणतं, "आला." बाई असेल तर "आली." मेलेली माणसं मांडवात येऊन बसल्याशिवाय जिवंतांना हळद लागत नाही.

तेव्हा विकीला बोलवायचं का?

दुपारी जेवणं झाल्यावर श्यामसुंदरकाकांनी घरच्यांना बसवलं. "हे बघा," ते म्हणाले, "दर्यात गेलेल्याला आपण बोलावतो. आजारानं गेलेल्याला बोलावतो. दारूनं गेलेल्याला तर आधी बोलावतो, कारण तो हमखास येतो. पण ह्याला नियम नाय."

"का नाय?" समीक्षानं विचारलं.

"कारण आपल्यात असलं होत नाय."

पुतळाबाई भिंतीला टेकून मिश्री लावत होती. तोंडातलं बोट काढून ती म्हणाली, "मंग जो झाला, तो कोनात झाला?"

पंख्याचा आवाज येत होता. कृणालनं पाहिलं, की सगळे पंख्याकडे बघतायत, जणू उत्तर तो देणार आहे.

"काकी, वरपक्ष येणार हळदीला," काका म्हणाले. "चार लोकांत नाव निघालं, त्यांनी विचारलं कसा गेला, तर काय सांगायचं?"

"अचानक," अनंता म्हणाला. सवयीनं.

शेवटी ठरलं, की नाव घ्यायचं नाही. पुतळाबाई "बरा" म्हणाली. तिला ते अवघड जाणार होतं. ते गाणं पिढ्यांच्या उतरंडीनं जातं: हिराजी, हिराजीचा धाकल्या, धाकल्याचा पांडू, पांडू म्हणजे तिचा नवरा. त्यापुढे पांडूच्या अनंताचा, असं म्हटल्यावर चाल पुढं ओढते. तिला तिथं थांबायची सवय करायची होती. दोन दिवस ती चुलीपुढं बसून थांबण्याचा सराव करत होती.

हळदीची सकाळ उजाडली. मांडवात इतकी माणसं, की खुर्च्या कमी पडल्या. वरपक्षाच्या बायका पुढं बसल्या होत्या. त्यांत नवऱ्या मुलाची आत्या, शकुबाई, अंगावर सोनं आणि तोंडावर कसलाही भाव नसलेली. समीक्षा पाटावर बसली होती. कृणाल कडेला खुर्च्यांची चळत धरून उभा होता, कारण मागं जागा करायला त्याला कुणीतरी सांगितलं होतं आणि कुठं ठेवायच्या ते सांगितलं नव्हतं.

पुतळाबाईनं डोळे मिटले. देव झाले. पितर सुरू झाले.

"हिराजी नाखवा, आमचे घरा लगीन हाय, मांडवान या."

"आला," मांडव म्हणाला.

"हिराजीचा धाकल्या, दर्यान गेला, मांडवान या."

"आला."

"धाकल्याची गोमाबाय, मांडवान या."

"आली."

सूर लागला होता. म्हातारीचा आवाज फाटका होता पण चाल पक्की होती. माणसं डोलत होती. काही जण "आला" म्हणता म्हणता मोबाइलवर शूटिंग करत होते.

"धाकल्याचा पांडू, माजा मालक, मांडवान या."

"आला."

"पांडूचे अनंताचा..."

इथं थांबायचं होतं. पण गाणं थांबलं नाही. चालीला एक नाव हवं होतं, अनंताच्या मुलाचं. एक नाव तिला मना केलं होतं. जिभेला दुसरं माहीत होतं.

"...अनंताचा कृणाल, आमचे घरा लगीन हाय, मांडवान या."

"आला," सगळा मांडव एका सुरात म्हणाला.

एकेकाला कळत गेलं. शूटिंग करणाऱ्यानं मोबाइल हळूच खाली घेतला, पण बंद करायला विसरला. सुगंधाच्या हातात हळदीची वाटी होती, ती तिरपी झाली आणि हळद तिच्या पायावर सांडत राहिली. पुतळाबाईनं डोळे उघडले. तिच्या तोंडावर अपराधीपणा नव्हता, भीती नव्हती. चुकीच्या घरात शिरल्यावर माणूस बघतो तशी ती इकडंतिकडं बघत होती.

कृणालला स्वतःचं नाव ऐकू आलं. मेलेल्यांच्या रांगेत, पणजोबा आणि आजोबांच्या मागं, बरोबर जागेवर. त्याला धक्का बसला नाही. उलट, गेलं वर्षभर तो जे आहे ते पहिल्यांदाच कुणीतरी बरोबर सांगितलं, असं काहीसं वाटलं. आणि तरी काहीतरी दुरुस्त करायला पाहिजे होतं. होडीवर हजेरी चुकली तर सांगावं लागतं, तसं.

त्यानं खुर्च्यांची चळत खाली ठेवली.

"आजी," तो म्हणाला, "मी अजून गेलो नाय. पण जायचा विचार येतो."

आवाज चढवला नव्हता. मांडव इतका गप्प होता, की शेवटच्या रांगेलाही नीट ऐकू गेलं.

"कवापासून?" पुतळाबाईनं विचारलं.

"विकी गेल्यापासून."

ते नाव मांडवात उच्चारलं गेलं. छप्पर पडलं नाही. वरपक्षातलं कुणी उठलं नाही. श्यामसुंदरकाका घसा साफ करून उभे राहिले, सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे वाक्य नाही. ते खाली बसले.

अनंता मागच्या खांबाजवळून चालत पुढं आला. वाटेत माणसं होती, ती सरकली. तो आईपुढं बसला.

"आये," तो म्हणाला, "विकीला बोलाव."

पुतळाबाईनं डोळे मिटले नाहीत. ह्यावेळी ती उघड्या डोळ्यांनी गायली. "पांडूचे अनंताचा विकी. आमचे घरा लगीन हाय, बाला. मांडवान ये."

कुणी "आला" म्हणेना. ज्याला त्याला वाटत होतं, दुसरा म्हणेल.

"आला," अनंता म्हणाला. त्याला पुढचं काही बोलता आलं नाही, म्हणून त्यानं तेच पुन्हा म्हटलं. मग सुगंधानं म्हटलं. मग इतरांनी, मागं-पुढं, सुरात अजिबात नाही.

तेवढ्यात वरपक्षाच्या शकुबाईनं पदर सावरला. श्यामसुंदरकाकांनी डोळे मिटून घेतले. त्यांना वाटलं, लग्न मोडलं.

"बाय," शकुबाई पुतळाबाईला म्हणाली, "आमच्याकडं पन एक हाय. भीमराज. माज्या दिराचा. त्याला कवा कुनी बोलावला नाय. बसल्या बसल्या त्याचा पन घेशील काय?"

पुतळाबाईनं घेतला. त्यानंतर बेंजोवाल्यांपैकी एकानं, जो कुणाचाच नातेवाईक नव्हता, हात वर केला.

दरम्यान समीक्षा पाटावरून उठली होती. हळदीच्या दिवशी नवरीनं पाटावरून उठू नये, पण त्या सकाळी इतके नियम मोडले होते की हा एक कुणाच्या लक्षात आला नाही. तिचे हात हळदीनं माखलेले. तिनं मैत्रिणीला सांगितलं, "ब्लाउजवालीला फोन लाव."

"आत्ता?"

"आत्ता."

गंधालीनं फोन उचलला. समीक्षानं दोन वाक्यांत सांगितलं आणि फोन स्पीकरवर टाकला.

"मी निघतेच," गंधाली म्हणाली. "बोरीवलीहून यायला वेळ लागेल. तोवर त्याला एकटं सोडू नका. ओरडू नका, समजावू नका, शपथा घालू नका. बोलायला काही सुचलं नाही तर नुसतं जवळ बसा. उद्या लग्न असो नसो, आपण त्याला डॉक्टरांकडे नेणार आहोत. कृणाल आहे का तिथं?"

"हाय," कृणाल म्हणाला.

"सांगितलंस तर."

"हो."

"कुणाला?"

कृणालनं मांडवाकडे नजर फिरवली. "सगळ्यांना. वरपक्षाचे पन होते. आणि बेंजोवाले."

"मी एकाला सांग म्हटलं होतं."

"हो, तेवढं नाय जमलं."

फोनवर ती थोडी हसली की काय, ते स्पीकरवर कळलं नाही. "चांगलं केलंस," ती म्हणाली.

आता उरला त्याच्या नावाचा प्रश्न. पितरांत घेतलेलं नाव परत कसं काढायचं, ह्याला कोळीवाड्यात नियम नव्हता, कारण अशी चूक कुणी केली नव्हती. माणसं पुतळाबाईकडे बघत होती.

"घेतला तो घेतला," ती म्हणाली. "आता ह्याला जेवाला वाढा. पितर ताटाकडं नुस्ता बगतात. जेवला म्हंजे आमच्यातला."

ताट आलं. वडे आणि कोंबडीचा रस्सा. कृणाल मांडवाच्या मधोमध बसला आणि सगळा गाव त्याला जेवताना बघू लागला. त्यानं वड्याचा तुकडा रश्श्यात बुडवून तोंडात घातला.

"चव लागतं का?" आजीनं विचारलं.

त्यानं चावून पाहिलं. "नाय."

"बरा. जेव तसाच."

तो तसाच जेवला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सुगंधा शेजारी बसून, पायावरची हळद न पुसता, त्याच्या ताटातले वडे तोडून लहान लहान तुकडे करत राहिली, जणू त्याला अजून दात आले नव्हते. त्यानं तिला थांबवलं नाही.

'एकटं सोडू नका' हे कोळीवाड्याला मात्र लगेच समजलं. संस्कृती सप्ताहाला माणसं जमवताना श्यामसुंदरकाकांची दमछाक झाली होती. ह्या कामाला घरातला एकही माणूस कमी पडला नाही. कृणालच्या उजवीकडे अनंता, डावीकडे स्वतः काका, मागं दोन मामा, समोर बायकांची रांग. समजावायचं नाही म्हटल्यामुळे कुणी बोलत नव्हतं. शपथा बंद, उपदेश बंद. काकांना घाम फुटला होता. ते एकदा "बघ, कृणाल, आपली संस्कृती..." एवढं म्हणाले आणि पुतळाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. "...वडे बरे झालेत," त्यांनी वाक्य पुरं केलं.

बराच वेळ असा गेला. हळद लागली, बेंजो हलक्या आवाजात वाजला. गंधालीचा मेसेज आला, ती हायवेला होती. कृणालनं चुळबुळ केली. मामा सावध झाले.

"मला आत जायचंय," तो म्हणाला.

"कुठं आत?" अनंतानं विचारलं.

"संडासला."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. गंधालीच्या सूचनांत हे नव्हतं. काका म्हणाले, "मी जातो बरोबर." कृणालनं त्यांच्याकडे इतक्या शांतपणे पाहिलं, की ते पुन्हा बसले.

"जा," पुतळाबाई म्हणाली. "कडी लावू नको. दार नुस्ता लोट. आनि आत गानं म्हनत ऱ्हा, म्हंजे आमाला आइकू येल."

"कुठलं गाणं?"

"कुठलंबी."

तो गेला. दार लोटलं गेलं. दाराबाहेर अनंता उभा राहिला, त्याच्यामागं मामा, त्यांच्यामागं शकुबाई, आणि मागच्यांना दिसत नव्हतं म्हणून ते टाचा उंचावून. आतून कृणालचा आवाज आला. त्याला आजीचंच गाणं आठवलं होतं, तेच सकाळचं, देवांचं. सूर बेताचा होता. बाहेर कुणी हललं नाही.

मग मध्येच गाणं थांबलं.

अनंताचा हात दारावर गेला. सुगंधा मांडवातून धावत निघाली. पुतळाबाई, जिला उठायला एरवी दोन माणसं लागायची, एकटी उठून उभी राहिली.

"बाबा," आतून आवाज आला, "नळाला पाणी नाय. एक बादली द्या ना कोणीतरी."